सहाशे घोड्यांची खांदशेकणी

“अख्ख्या वाशीम जिल्ह्यात अशी गाडी दुसऱ्या कोणापाशी नाही!” असं भागवत छातीठोकपणे सांगायचा, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. दुसऱ्या कोणापाशी ती का नाही, हे मात्र त्याला गाडी घेतल्यावर कळलं. बाकीच्या जिल्ह्याला ते आधीपासूनच माहीत असावं.

त्याचं असं झालं. मेडशीच्या पुढे बोरखेडी नावाचं गाव. तिथली भागवतची पाच एकर जमीन मोठ्या रस्त्यात गेली आणि मोबदल्याची घसघशीत रक्कम बँकेत येऊन पडली. बायको वैजयंती म्हणाली, “घरची तूर हाय. दालमिल टाकू. चालवीन मी.” बाई नुसती बोलून थांबणारी नव्हती. तिने यंत्राची माहितीपत्रकं आणली, जागा मोजली, पाटीवर काय लिहायचं तेही ठरवलं. भागवत हो म्हणाला, यंत्र पाहायला हैदराबादला गेला आणि चार दिवसांनी यंत्र घेऊनच परत आला. फक्त ते डाळ करणारं नव्हतं.

इटलीची गाडी! पांढरीशुभ्र, जेमतेम दोन माणसं मावतील अशी, जमिनीला पोट घासत चालणारी, आणि दारं बाजूला नाही तर वर उघडणारी! कुण्या बिल्डरने तीन वर्षं वापरलेली, म्हणून निम्म्या किमतीत. निम्मी किंमत म्हणजे एक कोटी दहा लाख. चावी हातात देताना त्या बिल्डरने भागवतला कडकडून मिठी मारली होती आणि त्याचे डोळे भरून आले होते. भागवतला वाटलं, किती जीव होता बिचाऱ्याचा गाडीवर!

“माय, सहाशे घोड्यायची ताकद हाय हिच्यात!” त्याने आईला सांगितलं.

रंगूबाईने गाडीभोवती एक चक्कर मारली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण उभ्या जनावराचं वय दात न पाहता सांगणारी. “सहाशे घोडे?” ती म्हणाली. “अन् बसतात दोघंच? बाकीचे कायले आणले मंग?”

“दालमिलले साडेसात घोड्यायची मोटार लागते,” वैजयंती दारातूनच म्हणाली आणि माहितीपत्रकं चुलीत घालायला आत गेली.

गाडी ठेवायला छप्पर असलेली जागा घरात एकच होती. गोठा. आदल्या वर्षी ट्रॅक्टर आला, तशी बैलजोडी विकली गेली होती. बैल गेल्यापासून रंगूबाईला त्या रिकाम्या गव्हाणीकडे पाहवत नसे. बैलांशिवायच्या पहिल्या पोळ्याला ती दिवसभर अंगणात आली नव्हती. आता तिथे पुन्हा काहीतरी उभं राहिलं. ते रवंथ करत नव्हतं, पण खात मात्र भरपूर होतं. म्हातारीला तेवढं पुरेसं होतं. ती रोज सकाळी गाडीखालून झाडू लागली.

गोठ्याचं आढं ठेंगणं, त्यामुळे गाडीची दारं पुरती उघडत नसत. एक कोटी दहा लाखांच्या गाडीतून जिल्ह्यातला एकमेव मालक रोज रांगत बाहेर यायचा. आणि तेही गाडी चालू झाली तर! उभ्या गाडीलासुद्धा वीज लागते, चार्जर सतत लावून ठेवा, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं. बोरखेडीत वीज कधी असते, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. महिन्याला बॅटरी झोपायची. दुसऱ्या महिन्यात उंदरांनी इंजिनातल्या वायरी खाल्ल्या. हैदराबादच्या सर्व्हिस सेंटरमधली आरजू मॅडम फोनवर गोड आवाजात म्हणाली, “सर, वायर की कोटिंग में सोयाबीन होता है, इसलिए.” सोयाबीनच्या पट्ट्यात राहून बाहेरून सोयाबीन विकत आणणारा भागवत हा पहिलाच शेतकरी!

तरी हे किरकोळ. वायपरची एक पट्टी चौदा हजारांची. गाडी सर्व्हिसिंगला न्यायची तर चालवत नाही, ट्रकवर बसवून न्यायची, ट्रकचं भाडं जाऊन-येऊन एक लाख. पेट्रोल लिटरला चार किलोमीटर, म्हणजे मेडशीला जाऊन चहा पिऊन आलं की चहा अडीचशेला पडायचा. मालेगावच्या रस्त्यावर एका गतिरोधकावर गाडी मधोमध टेकली आणि चारही चाकं हवेत राहिली. आठ माणसांनी उचलून उतरवली. त्यातल्या एकाने विचारलं, “भाऊ, हे गाडी रस्त्यावर चालाची हाय का नुसती उचलाची?” त्या दिवसापासून भागवत मालेगावला एसटीने जाऊ लागला.

आणि मग श्रावणात आरजू मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. वार्षिक सर्व्हिसिंग जवळ आली होती, टायर दाखवा म्हणाली. भागवतने मोबाइल चाकासमोर धरला.

“सर, टायर का शोल्डर घिस गया है. चारों का.”

रंगूबाई शेजारीच सुपात तूर पाखडत बसली होती. “काय म्हणते थे पोरगी?”

“शोल्डर घासला म्हणते, माय.”

“म्हंजे काय?”

“म्हंजे खांदा. खांदा सोलला गाडीचा.”

रंगूबाईच्या हातातलं सूप थांबलं. “अरे बाप्पा! अन् तुले दिसलं नाही? जनावराचा खांदा सोलला अन् तू तसाच पळवून राह्यला त्याले?”

भागवतचं तिकडे लक्ष नव्हतं. मॅडम आकडे सांगत होती. टायर चार लाख, सर्व्हिसिंग सहा लाख, ट्रकचं भाडं वेगळं. बँकेत तेवढे पैसे नव्हते. ते ऐकून वैजयंती समोर येऊन बसली. नेहमीसारखा टोमणा मारेल म्हणून भागवत तयारीत होता, पण तिने मारला नाही.

“पाच एकर गेली. दालमिल गेली,” ती म्हणाली. “आता माह्या नावची दोन एकर हाय. थे बी हिलेच चारता काय? इकून टाका हो. पाया पडते तुमच्या, पोळ्याच्या आत इकून टाका.” भागवतला त्या गाडीची पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली.

गिऱ्हाईक मिळालं, तेही दमदार! कारंजा लाडचे कापसाचे व्यापारी खालिदशेठ. पोराचं, उजैरचं लग्न ठरलेलं, आणि नवरदेव घोड्याऐवजी याच गाडीतून यायचं म्हणून हटून बसलेला. शेठ फोनवरच पंच्याऐंशी लाखांना तयार झाले. पोळ्याला बाजार बंद असतो, त्या दिवशी दुपारी येतो, एक चक्कर मारतो, पसंत पडली तर तिथल्या तिथे बयाणा, म्हणजे विसार, देतो, असं ठरलं. भागवतने दालमिलची नवी माहितीपत्रकं मागवली आणि वैजयंतीच्या उशाशी ठेवली.

आदल्या दिवशी गाडी धुवायचा भारीतला शाम्पू आणायला तो मालेगावला गेला. यायला उशीर झाला. गावात वीज नव्हती, म्हणून गोठ्यात न डोकावता तो झोपला. पोळ्याच्या सकाळी उठून गोठ्यात गेला.

पांढरीशुभ्र गाडी चारही चाकांवर पिवळीधम्मक झाली होती! आरशांना बेगड चिकटवलेली, मागच्या पंखाला लाल गोंडे बांधलेले, समोरच्या नाकावर गेरूचे पाच ठिपके. आणि सगळीकडे साजूक तुपाचा घमघमाट.

“माय! हे काय केलं वं!”

“खांद शेकली,” रंगूबाई शांतपणे म्हणाली. “काल खांदशेकणी होती ना.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, वर्षभर जू वाहिलं त्याची उतराई करायची, ही बोरखेडीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यात गैर काहीच नव्हतं. फक्त बैल नव्हता.

“तूच म्हणे ना खांदा सोलला म्हून?” म्हातारी सांगू लागली. “पळसाच्या पानानं कोमट तूप लावलं. चाकाच्या आत बी हात घातला. थे चकचकीत थाळी हाय ना आतमंदी, थे बी चांगली दोन्ही अंगानं चोळून काढली. किलोभर तूप गेलं! अन् कानात सांगतलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

“कानात? गाडीले कान कुठी हाय, माय?”

“आरशात सांगतलं.”

थाळीचं ऐकण्याइतकं भागवतचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्याने मेडशीहून मेहबूब मिस्त्रीला बोलावलं. मेहबूब ट्रॅक्टरचा डॉक्टर. आजवर त्याला न उघडलेला नट नव्हता. त्याने शाम्पू लावला, रॉकेल लावलं, शेवटी स्वतःच्या डोक्याला हात लावला.

“भाऊ, हा पीलापन जात नाही. लग्नाची हळद आठ दिवस जात नाही, हे त तुपातली हाय!”

“मंग शेठले काय सांगू?”

“सांगा ना, सोनेरी एडिशन हाय. दुनियेत एकच पीस.” मेहबूबने चाकातून आत डोकावून पाहिलं. “बाकी आतल्या ब्रेकच्या प्लेटा पाहा, भाऊ! कायच्या चमकून राह्यल्या!”

तीन वाजता खालिदशेठ आले. शेठने हयातभर कापूस पारखलेला. त्यांनी गाडीच्या आसनाची चिमूट घेऊन पाहिली, काचेवर टिचकी मारली, वाकून वास घेतला. “भागवतभाऊ, तुपाचा वास काहून येऊन राह्यला?”

“आताच सर्व्हिसिंग झाली, शेठ,” मेहबूब म्हणाला. “घरची.”

“अन् हा पीला रंग?”

“सोनेरी एडिशन!” भागवत आणि मेहबूब एका सुरात ओरडले.

शेठने मान डोलावली. त्यांना तो पिवळा चक्क आवडला! खिशातल्या बयाण्याच्या पुडक्यावर हात ठेवून म्हणाले, “चला मंग, एक चक्कर मारू.”

मेहबूबने गाडी ढकलून अंगणात काढून दिली. शेठ दोन हप्त्यांत आत बसले, भागवतने चावी लावली, आणि गाडीसमोर रंगूबाई हात पसरून उभी राहिली!

“आज नाही! पोळ्याच्या दिवशी जुपत नसतात. वर्षाचा एक दिवस बी सुट्टी देत नाही त्याले?”

पंच्याऐंशी लाख भागवतच्या शेजारी बसले होते, दारात वैजयंती श्वास रोखून उभी होती आणि समोरून आई हलत नव्हती. तेवढ्यात त्याला सुचलं. आपण किती हुशार आहोत, हे त्याला आयुष्यात फार वेळा जाणवायचं, त्यातलीच ही एक वेळ.

“माय, जुपतो कोण? नाल्यावर नेऊन पाणी दाखवून आणतो फक्त!”

पोळ्याला बैल पाण्यावर नेतातच. रंगूबाई बाजूला झाली. “पाणी दाखव अन् सरळ घरी आण. पळवू नोको.”

गाडी गुरगुरत गल्लीत निघाली. गावाबाहेर जायला रस्ता एकच, आणि तो उताराने मारुतीसमोरच्या आखरावरून, म्हणजे गुरं जमायच्या मैदानावरून, जाणारा. आखरावर पोळा भरला होता. दोन्ही बाजूंना साठ जोड्या सजून ओळीने उभ्या, मधोमध मोकळी वाट, आणि वाटेच्या तोंडाशी दोन खांबांना बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण. त्या तोरणाखालून पहिली जायची ती जगदेव पाटलांची जोडी. चार पिढ्यांचा मान! ती गेली, तोरण तुटलं, की पोळा फुटला म्हणायचं आणि मग बाकीच्यांनी निघायचं. पाटील फेटा बांधून, कासरा धरून, पाऊल उचलायच्या बेतात उभे होते.

भागवतने दुरूनच ब्रेक दाबला. पाय खाली गेला. गाडीने ते मनावर घेतलं नाही. त्याने पुन्हा दाबला. चाकातून चुर्रर्र असा फोडणीसारखा आवाज आला, आणि गाडी अधिकच आनंदाने निघाली.

“भागवतभाऊ, थांबा ना!” शेठ म्हणाले.

“थांबतोच हाय!”

“हे थांबणं हाय?”

“तूप हाय, शेठ!” भागवतच्या डोक्यात आता कुठे ती थाळी आली. “ब्रेकले तूप लागलं!”

त्याने इंजिन बंद केलं. सहाशे घोडे गप्प झाले, पण उतार कुठे गप्प बसतो! ना आवाज, ना धूर, गाडी साठ जोड्यांच्या मधून, आपलीच वाट असल्यासारखी, डुलत डुलत निघाली. बैलांनी ढुंकून पाहिलं नाही. पाटलांनी मात्र पाहिलं, आणि पाहतच राहिले. त्यांच्या फेट्याच्या शेवाला वारा घालत गाडी पुढे झाली, तोरण काचेवर आलं, तट्‌दिशी तुटलं आणि पानांसकट टपावर पडलं. डफडेवाल्यांची पाठ होती. त्यांना फक्त तोरण तुटल्याचा आवाज आला, आणि त्यांनी दणक्यात सुरू केलं!

“पोळा फुटला रे!” कोणीतरी ओरडलं. मग काय! साठ जोड्या एकदम सुटल्या, धूळ उडाली, पोरं नाचू लागली, आणि गाडी मारुतीच्या पारापाशी टाकलेल्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. जे काय खरचटलं ते पाटलांना, आतून.

भागवत रांगत बाहेर आला. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. पण दुसऱ्या बाजूने खालिदशेठ बाहेर पडले ते हसत!

“वा! भागवतभाऊ, वा! आजवर वीस गाड्या पाहल्या, पण सारं गाव दोन्ही अंगाले उभं राहून जिले वाट देते, अशी हेच! उजैरची वरात अशीच निघाली पाहिजे! पसंत हाय. पूरे पंच्याऐंशी!” आणि त्यांनी बयाण्याचं पुडकं बाहेर काढलं.

ब्रेकचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही! भागवतने गर्दीत वैजयंतीला शोधलं. ती धापा टाकत आली होती आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं, आनंदाचं. त्याने हात पुढे केला. पुडक्याचा कागद बोटांना लागला.

“थांब!” जगदेव पाटलांचा आवाज आला.

गर्दी फाकली. पाटील समोर येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे जोड्यांचे मालक, हातात पुराण्या, म्हणजे बैल हाकायच्या काठ्या, घेऊन. डफडी थांबली.

“भागवत, एकच गोष्ट सांग,” पाटील म्हणाले. “हे बैल हाय का मशीन?”

“पाटील, हे काय इचारणं झालं? ही गाड...”

“पुरं आयकून घे, मंग बोल. मशीन असन, त मशीननं गावाचं तोरण तोडलं. साठ घरच्या बैलायचा मान मातीत घातला. त्याचं काय करायचं, थे हे लोक पाहतीन.” पाटलांनी मागे न पाहता मागे बोट केलं. “अन् बैल असन, त माह्यं काही म्हणणं नाही. तोरण त्यानं तोडलं, या सालचा मान त्याचा. मी सोता त्याले कुंकू लावतो. पण मानाचं जनावर पुढच्या पोळ्यापावतर गावच्या बाहेर इकल्या जात नाही, हे तुले मालूम हाय. बोल आता.”

भागवतने मागच्या लोकांकडे पाहिलं. एकही चेहरा हसत नव्हता. मग पुडक्याकडे पाहिलं. मग वैजयंतीकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

“बोल ना रे!” गर्दीतून रंगूबाई पुढे आली. तिचा चेहरा पोळ्याच्या दिवशी इतका उजळलेला त्याने दोन वर्षांत पाहिला नव्हता. “लाजतो कायले? मीच खांद शेकली ना त्याची!”

भागवतने गाडीच्या नाकावर हात ठेवला.

“बैल हाय,” तो म्हणाला.

“जोरानं!”

“बैल हाय! बैल हाय हो!”

डफडी पुन्हा कडाडली. खालिदशेठनी हळूच आपलं पुडकं सोडवून घेतलं आणि खिशात ठेवलं. “माफ करा, भागवतभाऊ. मले बी याच गावातून कापूस न्याचा हाय,” ते म्हणाले. वैजयंतीने डोळे पुसले, पदर खोचला आणि घराकडे चालू लागली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं, असं भागवतला वाटलं.

मेहबूबने चाकात हात घालून पाहिला, बोटाचा वास घेतला आणि फोटो काढून आरजू मॅडमला पाठवला. उत्तर लगेच आलं. चारही ब्रेक प्लेटा तूप प्यायल्या आहेत, पुसून चालणार नाही, बदलाव्याच लागतील. अठरा लाख. कर वेगळा. शिवाय तिने विचारलं होतं, “सर, ये कौन सा ऑइल डाला है? खुशबू फोटो में भी आ रही है!” हे शेवटचं मेहबूबने आपल्या पदरचं घातलं असावं.

तोवर मानाचा बैल दारोदार फिरवायची वेळ झाली होती. गाडी चालवायची सोय नव्हती, म्हणून पंधरा जणांनी ती वाळूतून काढली आणि ढकलत घरोघर नेली. पुढे जगदेव पाटील, मागे डफडी, आणि स्टिअरिंगवर मान खाली घालून भागवत. प्रत्येक दारात बायांनी पाय म्हणून चाकावर पाणी घातलं, नाकाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास काचेला टेकवला आणि रीतीप्रमाणे बोजाऱ्याचे, म्हणजे बैलाच्या ओवाळणीचे, दहा-वीस रुपये रंगूबाईच्या ताटात टाकले. दुर्गाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने तर पन्नास टाकले आणि आरशाला हात लावून पाया पडली.

दिवेलागणीला गाडी गोठ्यात परतली. भागवत रांगत बाहेर आला आणि गव्हाणीवर बसला. अठरा, सहा, चार, एक. बेरीज करायची त्याला हिंमत होत नव्हती.

रंगूबाई ताट घेऊन आली. तिने नोटा नीट लावल्या, दोनदा मोजल्या. तीनशे चाळीस भरले. घेतल्यापासून गाडीने घरात आणलेले हे पहिले पैसे. म्हातारीने ते भागवतच्या हातात ठेवले आणि त्याची मूठ दोन्ही हातांनी मिटवली.

“ठेव, बापू. तुले वाटते त्याचा लय खर्च हाय, लय खर्च हाय,” ती मायेने म्हणाली. “हे घे. त्याच्या महिनाभराच्या सरकी-ढेपीले होतीन.”